नावेचं तेल

पहिला दगड रांजणावर बसला. भरलेला रांजण फुटला, पाणी सोपाभर पसरलं, आणि खरं सांगायचं तर मला आधी त्या रांजणाचंच वाईट वाटलं. गावाला तिन्ही बाजूंनी कृष्णेनं वेढलेलं, तालुक्याची वाट तेवढी उघडी, बाकी नजर जाईल तिथं गढूळ पाणी, आणि घरात प्यायला होतं तेवढंही मातीत गेलं. दुसरा दगड दारावर आदळला तेव्हा कुठं डोक्यात शिरलं, की हे आपल्याच नावानं चाललंय.

"शाम्या, भाईर ये! गावाचं तेल काढ भाईर!"

आवाज बाळू चौगुल्याचा. हा बाळू लग्नात पहिल्या पंगतीला असायचा आणि मयताला खांदा द्यायची वेळ आली की त्याची कंबर धरायची. त्याच्यामागं निम्मी आळी उभी होती. सगळ्यांच्या अंगावर रेनकोट नाहीतर डोक्यावरून घेतलेल्या पोत्याच्या खोळी. कोण कुणाचा, काही कळेना.

शाम्या म्हणजे माझे मालक, शामराव अंबी. आमची जात नावाड्यांची. मागच्या महापुरानंतर सरकारनं गावाला इंजिनाची नाव दिली आणि ती यांच्या गळ्यात पडली. गळ्यात कसली, यांनी ती मिरवलीच. बायकोपेक्षा इंजिनाला जास्त पुसत बसायचे. अंगातल्या शर्टाला कायम त्या इंजिनाच्या धुराचा वास. जळक्या तेलाचा, घशात चिकटणारा. कितीही साबण लावा, तो वास काही जायचा नाही. मी चेष्टेनं म्हणायची, तुमची पहिली बायको अजून नांदतीय.

त्या इंजिनाला नुसतं पेट्रोल चालत नाही. त्यात वेगळं ऑइल मिसळावं लागतं, नाहीतर इंजिन जागेवर धरतं. म्हणून आमच्या गावात एक रीत पडली होती. मिरगाला घरटी थोडं थोडं पेट्रोल नावेसाठी गोळा करायचं, त्यात ऑइल मिसळायचं, कॅन मारुतीच्या देवळात ठेवायचे आणि त्यांना हळदकुंकू लावायचं. एकदा हळदकुंकू लागलं की कितीही अडचण असो, त्याला कुणी हात लावायचा नाही. नड पडली म्हणून देवळातलं तेल नेलं, असं गावात कधी झालं नव्हतं.

त्या वर्षी पाणी देवळाच्या पायरीला लागलं. मालकांनी पहाटे कॅन उचलले आणि आमच्या परड्यातल्या छपरात वैरणीखाली आणून ठेवले. कुणाला बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. आमच्या गावात गुपचूप केलेलं पुण्यसुद्धा पापासारखंच दिसतं.

आणि वेळही तशीच होती. हायवे पाण्याखाली, टँकर पलीकडं अडकलेले. त्यातच दर चढले. तालुक्याच्या पंपावर पहाटे रांग लावली तेव्हा फळीवर एक आकडा होता, नंबर जवळ आला तेव्हा दुसराच. लोक बोंब मारायला लागले तर पंपवाला म्हणाला, वरून आलंय, मी काय करू. आणि थोड्या वेळानं तेल संपलं म्हणून त्यानं दोरीच बांधली. पोलिसांनी काठ्या चालवल्या. चौकात पाण्याच्या बाटलीतून पेट्रोल विकत होते, तोंडाला येईल तो दर. गावातली माणसं भिजून, मार खाऊन, रिकाम्या टाकीच्या गाड्या ढकलत परत आली. वाटेत कुणीतरी देवळात डोकावलं आणि बघतो तर कॅनची जागा मोकळी. मग काय, गाव करील ते राव काय करील! शाम्यानं गावाचं तेल पळवलं, दर अजून चढायची वाट बघत बसलाय, असं वेशीपासून आमच्या दारापर्यंत येईतो पक्कं ठरलंसुद्धा.

माझा धाकटा भाऊ सर्जा, तोही पहाटेपासून त्याच रांगेत होता. मला गावातल्या गावातच दिलेली, त्यामुळं माहेर हाकेवर. पण आई गावात नव्हती. ती राहायची ओढ्यापलीकडं मळ्यात, दोन म्हशी घेऊन. पाणी चढायला लागलं तेव्हा सगळे म्हणाले, ये. ती म्हणाली, म्हशी सोडून कशी येऊ, त्यास्नी वैरणपाणी कोण बघंल?

त्या दिवशी सकाळी आप्पा मगदुमाचा फोन आला. मगदुमांची माडी आईच्या घरासमोरच, पण मधून धार वाहत होती. "हौसाक्का, म्हातारी पत्र्यावर चढून बसलीया. पाणी आढ्याला लागाय आलंय. नाव धाडा, बिगी बिगी." तहसीलात फोन केला तर म्हणाले, बोटी दुसरीकडं आहेत, उद्या बघू. वल्ह्यानं त्या धारेत जायचं म्हणजे सती जाण्यासारखंच. मालक म्हणाले, "मी हाय की. इंजिन हाय. कशाला बाकीच्यांच्या तोंडाकडं बघायचं?" मी त्यांची टोपी हातात दिली. ते वैरण बाजूला करायला परड्याकडं वळणार, तोच रांजण फुटला.

आणि दिवस नागचतुर्थीचा होता. माझा भावाचा उपवास, त्याला आयुष्य मागायचा.

मालकांनी दार उघडलं. मी म्हणत होते उघडू नका. पण बाहेर आपलीच माणसं आहेत, समजावलं की ऐकतील, हे त्यांच्या डोक्यातनं जाईना.

"बाळू, दगड खाली टाक," ते म्हणाले. "तेल नावेचं हाय. माझी सासू पत्र्यावर बसलीया, आत्ता निघालोय तिला आणाय."

"बघा बघा, सासूला फुडं केलीया!" बाळू मागं वळून ओरडला. "काल म्हणाला, नावंतनं बाळंतीण न्यायचीया. आज सासू. आन तेल कुठं, तर ह्याच्या घरात!"

"देवळात पाणी आलं म्हणून आणलं."

"मग सांगितलं का न्हाईस? घरटी आमी घातलंय ते. आमचंच तेल आमालाच इकणार हुतास व्हय?"

"इकतोय कोण? तुझ्या आयला, माणूस मराय लागलंय तिकडं!"

मालक कधी शिवी देत नसत. ती एक दिली आणि तीच नडली. बाळूनं हातातला दांडका फिरवला. मालकांनी हात आडवा धरला आणि हाडाचा आवाज झाला, वाळकं लाकूड मोडावं तसा. दुसरा फटका डोक्यात. ते उंबऱ्यावर पडले. मग जे कुणी मागं घुटमळत होते तेही पुढं आले. पडलेल्या माणसाला मारायला धाडस लागत नाही. कुणी लाथ घातली, कुणी चप्पल, कुणी हातातली रिकामी बाटली. पहाटेपासून खाल्लेल्या काठ्या, दराची ती फळी, भिजलेली घरं, सगळं त्या एका माणसाच्या पाठीवर उतरत होतं. मला तर वाटलं हा माणूस आता जात्याखाली सापडल्यासारखा भरडून निघणार.

मी चुलीपाशी गेले आणि तिखटाचा डबा उचलला. मुठी भरभरून मी ते तोंडावर फेकलं. दोघं-तिघं किंचाळत खाली बसले. एकानं माझे केस धरले. त्याच्या मनगटाला मी अशी चावले की तोंडात रक्त आलं. उपवास आहे हेसुद्धा तेव्हा आठवलं नाही. त्यानं मला भिंतीवर ढकललं आणि डोळ्यांपुढं अंधारी आली.

पुढं हा गोंधळ चालला होता तेव्हा परड्याकडून कोणीतरी शिट्टी मारली. "घावलं!" मागनं गेलेल्यांनी वैरण उसकटून कॅन शोधले होते. ते ऐकलं आणि अंगणातली माणसं मालकांना तसंच टाकून परड्याकडं पळाली. कॅन ओढाओढीत सांडले, बाटल्या भरल्या, टाक्या भरल्या. मागं कोण कोण होतं ते मला दिसलं नाही. गाड्या सुरू झाल्याचे आवाज तेवढे ऐकले.

मी मालकांचं डोकं मांडीवर घेऊन पदर दाबून धरला होता, तेव्हा सर्जा आला. मोटारसायकल अंगणात आडवी टाकूनच धावला.

"दाजी! आगं आक्का, कुणी मारलं ह्यास्नी?"

"गावानं."

"एकेकाचा मुडदा पाडतो. नाव सांग."

"आधी दवाखान्यात चल. मुडदं नंतर पाड."

दवाखाना म्हणजे वरच्या माळावरची शाळा. तिथं पूरग्रस्तांना ठेवलं होतं आणि तालुक्याचा एक डॉक्टर येऊन बसला होता. सर्जा पुढं, मध्ये मालक, मागं मी त्यांना कवेत धरून. त्यांची मान माझ्या खांद्यावर कलंडायची. रस्त्यावर जागोजागी पाणी. सर्जा मालकांच्या जिवासाठी खड्डा चुकवत होता, मध्येच मागं वळून विचारत होता, दाजी, दुखतंय काय? माझा भाऊ मायाळूच. लहानपणापासून. फक्त डोकं तापलं की त्याला आई दिसत नाही का बाप दिसत नाही.

चढाच्या आधी रस्त्यावरून ओघळ वाहत होता. सर्जा थांबला, खोली बघायला लागला. इंजिन चालूच. गाडी चालत होती तोवर काही कळलं नव्हतं. थांबलो आणि मागून धूर येऊन आमच्याभोवती जमला. निळसर, दाट. चांगल्या चालीच्या गाडीला असा धूर कुठून आला, म्हणून मी मान वळवली आणि तो नाकात गेला.

मला तो वास ओळखू यायचा राहील? मी त्या वासाशी संसार केला होता. माझ्या हातातल्या मालकांच्या शर्टाला जो वास होता, तोच माझ्या भावाच्या गाडीच्या नळीतून येत होता. ऑइल मिसळलेलं तेल. ते गावात एकाच ठिकाणी होतं.

मी बोलले नाही. कवेत माणूस रक्त ओकतंय आणि त्याला न्यायला तीच गाडी हवी, तेव्हा बोलून करता काय? मालकांना धरून तशीच त्या धुरात बसले. मालकांना शाळेत बाकावर झोपवलं, डॉक्टरनं टाके घालायला घेतले, तेव्हा मी सर्जाला व्हरांड्यात बोलावलं.

"सर्जा, गाडीत तेल कुठलं घातलंस?"

"रांगेत मिळालं की वाईच."

"काय दरानं?"

त्यानं आकडा सांगितला. लगेच, पैशासकट. खोटं बोलणाऱ्याला हिशेब कधी आठवावा लागत नाही. मी पायातली चप्पल काढली आणि त्याच्या तोंडावर मारली. शाळेतली सगळी पूरग्रस्त माणसं बघत राहिली. मी दुसरी मारली, तिसरी मारली. बत्तीस वर्षांचा बाप्या, पण त्यानं हात वर केला नाही.

"आक्का, मी दाजींना हात न्हाई लावला. आईशप्पत. मी मागं हुतो. त्यांस्नी मारत्यात हे मला ठावं नव्हतं. सगळं म्हणत हुते दाजी तेल इकणार... पहाटेपास्नं रांगेत काठ्या खाल्ल्या मी, डोकं फिरलं..."

"आईशप्पत म्हणालास न्हवं? आई कुठाय?"

"आई?" तो गालावर हात धरून माझ्याकडं बघत राहिला. "दाजी काल आणणार हुते की."

"काल म्हशी सोडून आली न्हाई. सकाळधरनं पत्र्यावर बसलीया. पाणी आढ्याला आलंय. तुझं दाजी तेच कॅन घेऊन निघालं हुतं."

माणसाचं तोंड उतरतं म्हणतात, ते मी त्या दिवशी बघितलं. तो पायरीवर बसला. मला त्याची दया आली नाही. दयेला वेळ नव्हता. डॉक्टरच्या पेटीतून मी सलाईनची नळी उचलली, शाळेतल्या खिचडीचा एक रिकामा डबा उचलला, आणि त्याच्या गाडीच्या टाकीत नळी घातली. तोंडानं ओढावं लागतं. पहिला ओढा घशापर्यंत आला. जीभ जळाली, मागून ऑइलचा चिकट थर बसला. थुंकले आणि नळी डब्यात सोडली. हिरवट तेल धारेनं यायला लागलं.

तर असा माझा भावाचा उपवास मोडला. भावाच्याच टाकीतल्या तेलानं.

"ऊठ," मी म्हणाले. "एवढ्यानं जाणं हुईल, येणं न्हाई हुणार. बाकीचं गोळा करायचं."

आम्ही गावात उतरलो. माझ्या एका हातात डबा, दुसऱ्या हातात घरातनं उचललेला विळा. कुणाकडं जायचं हे विचारावं लागलं नाही. ज्याच्या दारात निळा धूर, तो चोर. काहींनी आम्हाला बघूनच गाडी बंद केली. मी टाकीचं झाकण उघडायची, नळी घालायची, ओढायची, थुंकायची. सर्जा बाजूला उभा. कुणी तोंड उघडलं नाही.

बाळू चौगुल्यानं उघडलं. "माझं पंपावरचं हाय. पुरावा काय?"

"गाडी चालू कर."

"न्हाई करणार. तू कोण सांगणारी?"

मी गाडीची किक मारली. साडी नेसून, पहिल्याच झटक्याला लागली. धूर त्याच्या तुळशीवर, त्याच्या पोराबाळांवर पसरला. सगळी आळी बघत होती. बाळूनं मला ढकलायला हात उचलला आणि सर्जा त्याच्यावर तुटून पडला. इतका वेळ त्याच्या आत जे कोंडलं होतं ते सगळं बाहेर आलं. त्यानं बाळूला गाडीवरच आपटला. बाळूचे दात पडले, ओठ फाटला, तरी सर्जा थांबेना. गुडघा छातीवर ठेवून बडवतच होता आणि बडवताना रडत होता. "माझी आई हाय तिकडं! माझी आई हाय!" मीच विळा टाकून त्याला मागून ओढला. बाळूला मरू द्यायला माझी ना नव्हती, पण नाव हाकायला मला दुसरं कोण होतं?

तेवढ्यात बाळूची म्हातारी आई घरातून आली. तिनं अंथरुणाखाली लपवलेला कॅन दोन्ही हातांनी फरपटत आणून माझ्या पायाशी ठेवला. त्यावरचं हळदकुंकू अजून पुसलं नव्हतं. लेकाकडं तिनं बघितलंही नाही. त्यानंतर आळीत कुणाच्या दारात मला नळी लावावी लागली नाही. बाटल्या, तांबे, घागरी, जे असेल त्यात तेल उंबऱ्याबाहेर आलं.

नाव काढली तेव्हा दुपार कलली होती. सर्जानं मालकांना इंजिन चालवताना बघितलेलं, तेवढ्यावर त्यानं ते चालवलं. मी पुढं बांबू घेऊन. धारेत नाव दोनदा फिरली, उसाच्या शेंड्यात अडकली, सुटली. सर्जा एकसारखा बडबडत होता. आई शिव्या घालणार बघ आक्का. घालू दे. म्हणंल, एवढा येळ लावलास, मुडद्या. घालू दे की.

मळा आला. पत्रा दिसला, पाण्याच्या वर वीतभर. त्यावर आईचं कांबळं होतं, दगड ठेवून नीट घडी घातलेलं. आई नव्हती.

आप्पा मगदूम माडीच्या गच्चीवरून दोन्ही हात हलवत होता. आम्ही नाव त्याच्या भिंतीला लावली. त्याच्या जिन्याच्या पायऱ्यांवर पाण्यात एक म्हैस उभी होती, थरथरत. गळ्यात दाव्याचा तुकडा, विळ्यानं कापलेला.

"आत्ताच गं," आप्पा म्हणाला. "आत्ता, माझ्या डोळ्यादेखत. म्हशी वरडाय लागल्या तशी ती विळा घेऊन खाली उतरली. मी वरडलो, म्हातारे, उतरू नगंस, नाव यील. सर्जा यील."

"मग?" मी विचारलं.

आप्पानं माझ्याकडं बघितलं नाही, सर्जाकडं बघितलं.

"मला म्हणाली, तूच सांगत हुतास न्हवं सकाळी, तेल लई महागलंय म्हणून. माझ्यापायी पोरानं एवढं महागाचं तेल जाळू ने. मी म्हशीच्या शेपटाला धरून येतो."

इंजिन चालूच होतं. निळा धूर पाण्यावर पसरत होता. सर्जानं हात लांब करून ते बंद केलं.

आई पाणी ओसरल्यावर मगदुमांच्या उसात सापडली. मालकांचा हात वाकडाच राहिला, पण नाव अजून तेच सांभाळतात. मागं परड्यात कोण होतं हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. बाळूनं कवळी बसवून घेतली आणि पंगतीला पुन्हा पहिला बसायला लागला.

भावाचा उपवास मी अजून धरते. नागचतुर्थीला सर्जा दुपारी येतो, सोप्यात खांबाला टेकून बसतो. त्याचे केस पिकलेत. दरवर्षी तो एकच विचारतो.

"आक्का, आजून कशाला धरतीस माझ्यासाठी?"

"तू लई वर्षं जगावास म्हणून," मी म्हणते.

ते खरंच आहे. आप्पानं सांगितलेलं आईचं ते तेलाचं वाक्य आम्ही दोघांनीच ऐकलंय. मी त्याच्याहून मोठी, आधी जाणार. माझ्यामागं ते कुणाच्या तरी कानात राहायला पाहिजे. तो मान हलवतो, पाणी मागतो, आणि मी नव्या रांजणातलं तांब्याभर पाणी काढून त्याला देते.